रंगूनवाल्यांची मुकी

पेत्रमासेच्या आधी आठवडाभर माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. "या वर्षी नायनम्माची साडी ठेवणार न्हाय. ताट पण न्हाय. तुला यायचं असलं तर ये, नसलं तर राहू दे. सांगायचं ते मी सांगितलं." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. माणूस साठीला आला, पण खडा टाकून पळून जायची सवय शाळेपासूनची आहे ती गेली नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्यासारखी तेलुगू विणकरांची घरं आहेत. आमचं घरातलं बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं सोलापुरी; इथं मी ते मराठीतच लिहिते. नायनम्मा म्हणजे वडिलांची आई. सर्वपित्री अमावास्येला आम्ही पेत्रमास म्हणतो. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या फोटोपुढं ताटं मांडतात आणि प्रत्येकाच्या नावानं एकेक नवा कपडा ठेवतात, बाप्यांना धोतर, बायकांना साडी. मग दार ओढून घेऊन सगळे बाहेर थांबतात. तेवढ्या वेळात जुनी माणसं येऊन जेवून जातात, अशी समजूत. नंतर ती साडी लग्न होऊन गेलेल्या लेकीला देतात.

नायनम्माची साडी खरं तर तिच्या मुलीची, म्हणजे माझ्या आत्याची. पण आत्यानं ती कधीच घेतली नाही. "हिला द्या," म्हणायची आणि माझ्याकडं बोट करायची. का, ते कुणी विचारलं नाही. त्यामुळं माझं लग्न झाल्यापासून दरवर्षी ती साडी मी नेसत आले. साधी सुतीच असायची, किमतीचा प्रश्नच नव्हता. पण ताटही नाही आणि साडीही नाही, म्हणजे ही बाई आमच्या घरची नव्हतीच असं घरादारापुढं जाहीर करायचं. भावानं मला चपलेनं मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

आणि हे सगळं कशावरून, तर थुंकीवरून.

माझा मुलगा परदेशात असतो. तिकडं म्हणे नळीत थुंकून पाठवली की आपले पूर्वज कुठले ते सांगतात. त्यानं हौस म्हणून स्वतःची पाठवली, तर काहीतरी भलतंच आलं. म्हणून सुट्टीला आला तेव्हा त्यानं मलाही थुंकायला लावलं आणि जाताना नळी घेऊन गेला. पुढं कधीतरी फोनवर रिपोर्ट आला. नकाशात आपल्याकडचा भाग रंगवलेला होता, आणि एक ठसठशीत चौथाई हिस्सा होता ब्रह्मदेशात. "आई, तुझ्या दोन आज्या आणि दोन आजोबांपैकी एक जण पक्का तिकडचा," मुलगा म्हणाला. मी हसले. म्हटलं, पैसे वाया घालवलेस. तर त्यानं तिकडच्या कुठल्याशा बाजाराचा एक व्हिडिओ पाठवला. भाजी विकणाऱ्या बायका होत्या आणि सगळ्यांच्या गालांवर पिवळट लेप होता, वाळून तडकलेला. माझं हसू तिथंच थांबलं. तो लेप मी लहानपणी रोज बघत होते.

नायनम्मा वारली तेव्हा मी दुसरीत होते. रोज सकाळी ती देवघरातली गोल सहाण काढायची, तिच्यावर कवठाच्या झाडाची साल पाणी घालून उगाळायची आणि दोन्ही गालांना लावायची. "उन्हाचा त्रास हाय तिला," असं आई सांगायची. सोलापूरच्या उन्हात यावर कोण शंका घेणार? तिनं उगाळून झालं की त्याच सहाणेवर देवासाठी चंदन उगाळलं जायचं. ती वारल्यावरही सहाण देवघरातच राहिली.

आणि नायनम्मा मुकी होती. तिची कथा आमच्या घरी प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जायची. आजोबा रंगूनला कापडाच्या दुकानात होते. लढाईत तिथं बॉम्ब पडायला लागले तेव्हा ते बायको, लहान मुलगी आणि कडेवरचा मुलगा घेऊन डोंगर-जंगलातून चालत निघाले. मुलगी म्हणजे माझी आत्या, कडेवरचे ते माझे वडील. बायको तिथल्याच एका तेलुगू विणकराची पोरकी मुलगी. वाटेत जवळ बॉम्ब पडला आणि तिची वाचा गेली. कथा संपली की ऐकणारे हळहळायचे आणि आमचे लोक मान ताठ करून बसायचे.

पूर्व भागात आम्हाला रंगूनवालेच म्हणतात. अन्नाला, म्हणजे माझ्या भावाला, त्याचा केवढा दिमाख! बैठकीत एक सागवानी पेटारा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो त्यावर हात फिरवायला लावतो आणि "रंगूनचा हाय" म्हणून सांगतो. दोन लेकरं घेऊन डोंगर ओलांडणाऱ्या माणसांनी एवढा पेटारा कसा आणला, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. रंगूनचा पेटारा चालतो, रंगूनची बाई चालत नाही.

नायनम्माची एक गोष्ट मला नीट आठवते. आमच्या घराच्या खालच्या अंगाला कारखाना आहे. कारखाना म्हणजे टॉवेलचे चार माग, पण आम्ही कारखानाच म्हणतो. माग चालू असले की शेजारी बसलेल्या माणसाच्याही कानात ओरडावं लागतं. म्हणून तर आमच्या भागात घरातली भांडणं माग चालू असतानाच उरकून घेतात, भिंतीपलीकडं काही जात नाही. आईवडील भांडताना मी कधी ऐकलं नाही. वडिलांमागोमाग आई कारखान्यात गेली आणि हात नाचवायला लागली की आम्ही पोरं समजून जायचो. त्याच कारखान्यात नायनम्मा कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत बसायची, आणि माग चालू असले की तिचे ओठ हलत असायचे. माग बंद झाले की ओठ बंद. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असेल.

हे सगळं जुळल्यावर मला आनंद झाला. आपली आजी दुसऱ्या देशातून आली, एवढी चालून आली, ह्याचा कुणालाही आनंदच होईल असं मला वाटलं. हा माझा गाढवपणा. मी तो रिपोर्ट आणि तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. रोज पहाटे फुलांसकट सुप्रभात पाठवणारी माणसं, एकाएकी सगळ्यांची बोटं लुळी पडली. मग एकानं लिहिलं, लॅबचा घोटाळा असणार. एकीनं लिहिलं, "म्हणजे आपण चिनी का?" आणि पुढं दात काढणारी चार तोंडं. चुलतभावानं लिहिलं, "थुंकी तुझी हाय, आमची न्हाय. तुझ्यापुरतं ठेव." मी उत्तर लिहायला घेतलं तोवर अन्नानं मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

संध्याकाळी तो घरी आला. वहिनीनं त्याला पढवून पाठवलं होतं हे तो चप्पल काढत होता तेव्हाच कळलं.

"माझ्या पोरीचं ठरत आलंय," तो म्हणाला. "उद्या ते विचारतील, घराण्यात बाहेरचं रक्त कुठनं आलं म्हणून. तू देणार हाईस उत्तर?"

"देईन की. आजोबांनी आणलं म्हणून सांगीन. पेटाऱ्याबरोबर."

"मस्करी नको करू. जातीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस."

"तोंडाचंच म्हणशील तर आरशात बघ. तुझे डोळे कुणाचे आहेत ते बघ आधी."

तो चहाला हात न लावता उठला. दारात थांबून म्हणाला, "तुझ्या पोराला म्हणावं, तिकडं थुंकायचं तेवढं थुंक. हितं आमच्या अंगावर नको." पुढं कळलं, वहिनीनं बाजारातून नवी संगमरवरी सहाण आणली आणि जुनी देवघरातून काढली. इतकी वर्षं त्याच दगडावरचं चंदन देवाच्या कपाळाला लागत होतं, देवाची काही तक्रार नव्हती. तक्रार वहिनीची होती.

साडी ठेवणार नाही असा फोन आल्यावर मी आत्याकडं गेले. नायनम्माला आई म्हणणारं आता एवढंच माणूस उरलंय. ती नव्वदीला टेकली आहे, दोन गल्ल्या पलीकडं मुलाकडं राहते. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मी तिच्यापुढं तो व्हिडिओ धरला. तिनं चष्मा लावून बघितला. त्या बायका आपसात काहीतरी बोलून हसत होत्या, आणि एका जागी आत्याही किंचित हसल्यासारखी वाटली. मग एकदम तिनं फोन उलटा करून खाटेवर आपटला.

"थुंकी पाठवून आजी शोधालीस? लाज न्हाय वाटत?"

"आत्या, ती तिकडचीच होती ना? तुला माहीत असणार."

"माझी आई मुकी हुती. मुकीच मेली. तिला आता बोलकी करू नको."

"आणि अन्ना तिची साडी बंद करतोय, ते चालतंय तुला?"

"चालतंय म्हणजे? मीच सांगितलं त्याला." असं म्हणून ती भिंतीकडं तोंड करून झोपली. "जा आता. जाताना दार लावून घे."

सख्ख्या मुलीनं आईचं ताट काढायला सांगावं! मी उठले. नेहमी निघताना तिच्या पाया पडते, त्या दिवशी पडले नाही. तिनं मान वळवून बघितलं. तिला ते लागलं होतं, आणि लागावं असंच मला वाटत होतं.

पेत्रमासेला मी स्वतः एक साडी घेऊन माहेरी गेले. बारीक काठाची, सुती. शिधा घेऊन भटजी नुकतेच गेले होते, कामगारांना सुट्टी होती, माग बंद होते. आतल्या खोलीत तीन ताटं मांडलेली, आजोबांचं, वडिलांचं, आईचं. नायनम्माच्या फोटोच्या खिळ्याला टॉवेलच्या दुकानाचं कॅलेंडर लावलं होतं. आत्या खुर्चीवर बसली होती, माझ्याकडं न बघता. मी कॅलेंडरखाली जमिनीवर साडी ठेवली. अन्नानं ती उचलली आणि माझ्या हातात कोंबली.

"ती आमच्यातली नव्हती," तो म्हणाला.

"मग तू कुणातला? तिच्या पोटचा तुझा बाप त्या ताटावर येऊन जेवणार, आणि त्याच्या आईला दाराबाहेर उभी करणार तू?"

"हळू बोल. खिडकी उघडी हाय."

"उघडीच राहू दे. ऐकू दे सगळ्यांना, रंगूनवाले कसे आहेत ते!"

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनीनं मला बघून भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि वर हात ठेवून उभी राहिली. मी तो हात बाजूला केला. जोरात केला, खोटं कशाला बोलू! ताटात भात, आमटी, वडे, जे हाताला लागलं ते वाढलं. आत मांडू देत नाहीत तर खाली मांडीन, असं म्हणत कारखान्यात उतरले. तिथं दाराला अडण म्हणून काय लावलं होतं? नायनम्माची सहाण. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी सहाण उचलली, पदरानं पुसली आणि नायनम्मा कांड्या भरायची त्या कोपऱ्यात ठेवली. तिच्यापुढं ताट, पाण्याचा पेला आणि साडी.

पाठीमागून आत्या भिंतीला धरून पायऱ्या उतरत आली. तिच्या मागं अन्ना.

"उचल ते," आत्या म्हणाली.

"नाही उचलणार."

"मेलेल्या बाईचा तमाशा करालीस तू. उचल!"

"मला एक सांग आत्या," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "बॉम्बनं वाचा गेलेल्या बाईचे ओठ माग चालू असताना का हलायचे? हितंच बसायची ती. मी बघितलंय."

आत्यानं मागाचा कठडा धरला. "तू बघितलं हुतंस?"

"रोज."

अन्ना मध्ये पडायला गेला तसं तिनं त्याला हातानं मागं सारलं. मग ती बोलायला लागली, आणि बोलता बोलता ओरडायला लागली.

"बॉम्बनं कुणाची वाचा जात न्हाय! वाटेत छावणीत आपल्या जातीची माणसं भेटली. बाप तिला म्हणाला, आता तोंड उघडायचं न्हाय. उघडलंस तर तुला हितंच सोडून मला फुडं जावं लागंल. मला पण तेच सांगितलं. केवढीशी हुते मी! मग सोलापूरला आलो. मुकी म्हणून सगळ्यांनी तिला घरात घेतलं, बिचारी म्हटलं. गप बस म्हणून सांगणारे सगळे हुते. आता बोल म्हणून सांगायला कुणी आलंच न्हाय."

"आत्या, पुरे," अन्ना म्हणाला. "शेजारी ऐकालेत."

"माग चालू झाला की ती माझ्याशी बोलायची. माझ्याकडं बघून, आमच्या तिकडच्या बोलीत. मला सगळं कळायचं. ओठांवरनंच कळायचं. आन् मी मान खाली घालून कांड्या भरायची. एकदा बी वर बघितलं न्हाय! कुणी बघितलं असतं तर? माझं लगीन व्हायचं हुतं. शेवटी तिनं बोलायचं सोडलं न्हाय, मीच तिच्या शेजारी बसायचं सोडलं." ती माझ्याकडं वळली. "साडी का घेत न्हाय म्हणून मनात विचारायचीस की न्हाय दरवर्षी? कुठल्या तोंडानं घेऊ? म्हणून म्हटलं, ठेवूच नका."

मला तिची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला रागच आला. आजोबांचा, वडिलांचा, हिचा, पेटाऱ्यावर हात फिरवणाऱ्या सगळ्या रंगूनवाल्यांचा. जन्मभर एक बोलकी बाई घरात मुकी बसवली, आणि ती मेल्यावर तिचं ताटही ह्यांच्या डोळ्यांत खुपलं. हे सगळं मी तोंडावर बोलायला लागले. आत्या ओरडतच होती. वहिनी पायऱ्यांवरून सांगत होती की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आलीत, मुलाकडच्यांचे नातेवाईक आहेत ते.

तेव्हा अन्नानं तेच केलं जे आमच्या घरात कायम करत आले. त्यानं मेन स्विच ओढला आणि पहिला माग चालू केला. मग दुसरा. खडखडाटात माझा आवाज मलाच ऐकू येईना. ताटाजवळच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं. मी बोलायची थांबले.

आत्या थांबली नव्हती. ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली, ताटापुढं, जिथं तिनं बसायचं सोडलं होतं तिथं. आता तिचं तोंड आमच्याकडं नव्हतं, सहाणेकडं होतं. तिचे ओठ हलत होते. आधी थांबत थांबत, मग भराभर. ती जेवायला बोलावत होती, की उत्तर देत होती, मला माहीत नाही. मी वाकून तिच्या तोंडाशी कान नेला, तर तिनं कोपरानं मला ढकललं. कडेला बोट लावून ताट तिनं पुढं सरकवलं आणि पुन्हा बोलायला लागली.

समोरची माणसं आत गेली असं वहिनीनं वरून खुणावलं. अन्नानं माग बंद केले. त्याच क्षणी आत्यानं तोंड मिटलं. मग ती साडी तिनं काखेत मारली, आणि भिंतीला धरून पायऱ्या चढत घरी गेली.